मागचे बारा हप्ते

घाटकोपरच्या पतपेढीत समीक्षा रांगेत उभी होती. तिच्यापुढच्या म्हाताऱ्या गृहस्थांना गाठून एक बाई विचारत होती,

"गुणाजीभावोजी, ह्यांचं कर्ज माफ झालं असं तुम्हीच सांगितलंत ना?"

"सांगितलं, वहिनी."

"मग आज हप्ता कुणाचा भरताय?"

"चंदूचाच. जामीन मी होतो."

"हे जाऊन वर्ष झालं. बाराही हप्ते तुम्ही भरलेत?"

"खरं सांगितलं असतं, तर तुम्ही पोळी-भाजीचं दुकान विकून टाकलं असतंत."

"टाकलंच असतं. कुणाचे उपकार नकोत मला."

"म्हणून तर बोललो नाही."

"आता दुकान चालतंय. आजपासून हप्ता मी भरणार. मागचे बाराही फेडीन, थोडे थोडे करून."

"फेडा. मी नको म्हणणार नाही."

रांग दोन पावलं पुढे सरकली.

"वहिनी, आमच्या सुनेला शिलाई मशीनसाठी कर्ज हवंय. तुम्ही पेढीच्या सभासद आहात. तिला जामीन राहाल?"

"मी? अहो, मीच तुमचं देणं लागते."

"आत्ता फेडीन म्हणालात ना, म्हणून विचारलं."

समीक्षाला वाटलं, ही आता नाही म्हणणार.

"फॉर्म घेऊन या," बाई म्हणाली. "नीट वाचून सही करीन."