लाल कोपऱ्याचा रुमाल

हॅलो? … कोण, रूपा का? हा, अक्काच बोलून राह्यली. बोल.

… भेटली वं थैली. सकाळच्या एसटीत कंडक्टरनं आणून देली. मी मेडशीच्या स्टँडवर उभीच होती. … नाही, धुतले नाही अजून. म्हणूनच म्हणतो, दोन मिनिटं ऐक.

… हो, हो, रविवारच्या कुंकवाचं, साखरपुड्याचं मंग बोलू. … पंचवीस रुमाल? अवं, राखीले पाहायले पाहुणे आले तवा नेलेल्या या आठाचं पहिले ऐक ना.

तू ते ओलेच प्लास्टिकमधे कोंबले, आन दोन दिवसांनी पाठवले. गाठ सोडली तं असा वास सुटला, दारातली मांजर उठून गेली. मी नाकाले पदर लावून एकेक बाहेर काढला. संग पाठवलेल्या टेबलाच्या चादरीवर वरण सांडलं, त्याचं काही नाही. रोडगे-वरण खाताना सांडतेच. वांग्याचं तेल लागलं, त्याचंही नाही. रुमाल पुसायलेच असते. एकानं तं नाक शिंकरलं होतं. तेही धुतलं असतं मी, तोंड फिरवून.

पण तो लाल कोपऱ्याचा… अवं, त्याची घडी केली होती. चांगली चौकोनी. मले वाटलं, हा कोणी वापरलाच नाही. उघडला तं मधात खर्रा. … खर्रा वं, सुपारी-तंबाखूचा. चघळून चोथा झालेला, लाळेसकट. माझ्या बोटाले चिकटला. तीनदा साबण लावला तरी वास जाईना.

… वांग्याचा रस कसा असन? वांग्यात सुपारी टाकतं का तू?

… ऐक ना. मी दर रुमालाच्या कोपऱ्यात येगळा धागा काहून टाकतो? एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडाले लागू नये म्हणून. हिरवा, निळा, पिवळा… आन लाल एकच. तुले म्हटलं होतं, लाल नवरदेवाच्या ताटापाशी ठेव. ठेवला होता ना? … हा. मंग झालं.

… काय झालं म्हणतं? माणिकरावांनं ही सोयरिक आणली तवा काय सांगतलं होतं? पोरगा सुपारीच्या खांडाले शिवत नाही. त्याची माय फोनवर मले म्हणे, आमचा शिवम चहासुद्धा पीत नाही. आन लोकाच्या घरी पोरगी पाहायले आला, तं कापडात थुंकला. बाहेर आंगण नव्हतं का? एका रुमालाच्या चार कडा हातानं दुमडून शिवायले माझी एक दुपार जाते, या डोळ्यांनं. थुंकला तं थुंकला, वरून घडी करून ठेवली. लपवणारा माणूस हाय तो. मले त्याचीच जास्त शिसारी आली.

… त्याची नोकरी राहू दे तिकडं. अकोल्याचं विसरली का तू? तुझ्या नवऱ्यासंग दवाखान्यात मी होती. डॉक्टरनं म्हटलं तोंड उघडा, तं माझ्या भावाच्या तोंडात दोन बोटं जात नव्हती. पन्नाशीच्या आत माणूस, आन भाकर दुधात कुस्करून खाते. डॉक्टरनं साफ सांगतलं, आता खर्रा तोंडात टाकला तं पुढचं बोलणं कॅन्सरचं. तवा जगदेवनं राखीच्या डोक्यावर हात ठेवला आन सोडला. त्याच पोरीले खर्राखाऊच्या घरी देतं? मी माणिकरावांले सांगतो, कुंकू होणार नाही. … तुमच्यानं होत नसन तं मी हाव ना. मघाशी फोन लावला होता, लागला नाही.

… काय? … हळू बोल, समजलं नाही. … पंख्याखाली कोण बसलं? … शिवम. गरम होत होतं म्हणून जागा बदलली. बरं. … म्हणजे तो लाल रुमालापाशी बसलाच नाही. … हिरवा घेतला त्यानं. … हिरव्याले तं नुसतं वरणाचं बोट लागलं हाय.

मंग लाल कोणापाशी होता?

… रूपा?

… त्याचा बाप? … मामा? … तोही नाही. … माणिकराव? … तेही नाही. मंग राह्यलं कोण?

…

कधीपासून? … दिवाळीपासून. आन तुले माहीत होतं. … रडू नको. … तुले शपथ घातली म्हणून बोलली नाही? तो पोरीची शपथ मोडते आन तू त्याची पाळतं.

… राखीले सांगतलं? … नाही.

बरं, माणिकरावांचं राहू दे. जगदेव कुठी हाय? … ओसरीत? त्याले फोन दे. … झोपला नाही तो, मले त्याचा खोकला ऐकू येते. दे म्हटलं ना.

… जगदेव? मी अक्का बोलतो. … हं काय? … जेवला का, म्हटलं. … अरे, हं हं काय करतं, बोल ना. … एक शब्द काढ तोंडातून. नुसतं अक्का म्हण.

…

जा. पहिले थुंकून ये. मी फोन धरून हाव.

… जगदेव?

… ठेवला त्यानं.