उंदरांच्या मागे माझा नंबर

...आणि मलेरिया व्हावा कुणाला, तर मला! तुम्हाला सांगतो, ज्या घरात बायको आठ वर्षं मलेरियाच्या औषधावर संशोधन करतेय, त्या घरात डास चावला तो भूगोलाच्या मास्तरला. बरं, चावला तर चावला, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, म्हटलं तीन दिवसांचा मामला. तर ही उशाशी बसून म्हणते, "हे बघ, गोळी पोटात जाते, रक्तात जात नाही."

म्हणजे काय, तर हे औषध पाण्यात विरघळत नाही, सोबत साय-लोणी काहीतरी पोटात हवं, नाहीतर आलं तसं निघून जातं. आता मला सांगा, अंगात एकशेतीन ताप, तोंडाला चव नाही, आणि समोर सायीचं दूध... वासानेच पोट ढवळायचं हो! ती प्रयोगशाळेत गेली की मी दूध मोरीत ओतायचो आणि गोळी नुसत्या पाण्याबरोबर. संध्याकाळी रिकामा ग्लास बघून ती खूश, मीही खूश.

पाचव्या दिवशी परत हुडहुडी. पलंग वाजतोय की दात, कळेना. डॉक्टर चष्म्यावरून बघत, नाकातल्या नाकात, "दुधाबरोबर घेतल्या होत्या नाऽ?" ही म्हणते, "हो, मी स्वतः ग्लास भरून ठेवायचे." मी छताकडे बघतोय. तिला कळलंच.

ओरडली असती तर परवडलं असतं. घरी आल्यावर हळूच म्हणाली, "तापात माणसाला जेवण जात नाही, मग गोळी पोटात जाते, रक्तात जात नाही, आणि माणूस हातचा जातो. आठ वर्षं मी यावरच डोकं फोडतेय रे. आणि तू मोरीत..." मला तर तोंड कुठे लपवू असं झालं.

म्हटलं, मग तुझंच औषध दे ना. पिठाहून बारीक पॉलिमरचे कण करते ती, त्यांत औषध भरते, ते आतड्याला चिकटून बसतात, औषध हळूहळू सोडतात, साय-बिय काही नको. तर म्हणते, "अजून उंदरांवर चाललंय. मग ससे, मग धडधाकट माणसं, मग आजारी." म्हणजे घरातल्या नवऱ्याचा नंबर सशांच्याही मागे.

मग काय, तिने रजा टाकली, डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या आणि हिने तीन दिवस चमच्याचमच्याने दूध पाजलं. मी नाक दाबून प्यायलो. ताप उतरला, माझं रक्त तपासायला दिलं, तशी ती कामावर गेली.

परवा दुपारी फोन. आवाज भरून आलेला. "अरे, रिपोर्ट आला, रक्तात एकही जंतू नाही!" मलाही गलबलून आलं. म्हटलं, "सगळं तुझ्यामुळे गं."

"तुझा नाही रे, उंदरांचा. तुझा उद्या येईल."

आता ती सशांच्या तयारीला लागलीय. काल माझाही रिपोर्ट स्वच्छ आला, तर मच्छरदाणी खोचताना म्हणाली, "अजून पाचसहा वर्षं डास चावून घेऊ नकोस, तोवर माझं औषध तयार नाही." बरं म्हटलं. डासांना कोण सांगणार, ते तेवढं ठरायचंय.