नुसतं जायचं

बसच्या तिकिटाच्या रांगेत उभ्या असलेल्या शिक्षिकाबाईंना पुढच्या दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. दोघी कोळंबी सोलायच्या कामावरच्या.

"मुकादमाने तुझं ओळखपत्र परत दिलं कसं गं, ताई?"

"कंपनीची तपासणीवाली आली ना! 'ओळखपत्र कुणाजवळ असतं?' म्हणाली. 'आमच्याजवळच' म्हणायला मुकादमाने पढवलेलं. पण माझ्या तोंडून खरं तेच निघालं, मुकादमाजवळ असतं म्हणून. मग तिने त्याला ते परत द्यायलाच लावलं."

"भीती नाही वाटली?"

"वाटली ना. पण तीन वर्षं फाटकाबाहेर पाऊल नाही, लेकीचं तोंड नाही पाहिलं."

"ओळखेल का तुला?"

"काल फोनवर म्हणाली, आई, आलीस की तुझे केस मीच विंचरणार. रडूच फुटलं बघ."

खिडकीतून आवाज आला, "जाऊन-येऊन?"

"नाही दादा, नुसतं जायचं."