हातांवर बसा, आजोबा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे डॉक्टर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या वाचा-उपचारांच्या बाई आणि समोर बसलेले आईबाप हो, मी सुतार माणूस. शाळा चौथीपर्यंत. कागद आणलाय, पण वाचायची सवय नाही, सांभाळून घ्या. मागे ऐकू येतंय ना? बरं.

माझी नात चार वर्षांची झाली तरी बोलेना. कान चांगले, समज चोख. रंधा दाखव म्हटलं तर रंधाच दाखवायची. एकदा मात्र 'पाणी' म्हणाली, अगदी स्वच्छ. पुन्हा म्हण म्हटलं तर 'बाई', 'माती', नाहीतर नुसतं तोंड वाकडं. मी काय समजलो असेन? हट्ट! एकदा येतं ते पुन्हा का येऊ नये? भरलेला पेला समोर धरला. "नीट म्हण, मग देतो." तिचे ओठ नुसते चाचपडत राहिले. मी जबडा धरून दाबला. ओठ फुटला. तरी थांबलो नाही. लाकडी फूटपट्टी पाठीवर मोडेपर्यंत मारलं. मुलगा कामावरून आला, त्यानं मला भिंतीवर आदळलं. माझे दोन दात गेले. अध्यक्ष महोदय, समारंभात हे बोलू नये, कळतं मला. पण हे गाळलं तर बाईंनी काय केलं ते कसं सांगू?

मुलानं तिला बाईंकडे आणलं, मीही मागोमाग आलो. बाईंनी तिला एकच शब्द पाच वेळा म्हणायला लावला. पाचही वेळा वेगळी चूक. "आजोबा, ही खूण बघा. हा हट्ट नाही. शब्द डोक्यात तयार आहे, पण जीभ-ओठ कसे हलवायचे, ती आखणी जमत नाही. अप्रॅक्सिया म्हणतात याला."

मी विचारलं, "धाकानं जमेल?" इतका मी गाढव!

"हातांवर बसा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"तळवे मांडीखाली. तिचा सराव संपेपर्यंत काढायचे नाहीत."

दोन वर्षं, आठवड्यातून तीनदा, मी तसाच बसलो.

पहिला शब्द बाईंनी तिलाच चित्रांतून निवडू दिला. मला वाटलं, पाणी. तिनं बोट ठेवलं उघड्या पंजाच्या चित्रावर. 'नको.' शेकडो वेळा घोकला. घरात पहिल्यांदा वापरला तो माझ्यावर. मी फळीवरची टोपी काढायला हात वर केला, तर डोकं झाकून म्हणाली, "नको." अगदी स्पष्ट.

बाई, आता तुम्ही जाणार. मला धास्ती वाटते, 'हातांवर बसा' कोण म्हणणार? काल नातीला विचारलं. ती सावकाश म्हणाली, "मी म्हणेन."

बाईंचे आणि सर्वांचे मनापासून आभार. माझ्या बोलण्यात चुकलं असेल ते तुम्ही पोटात घालाल. पण माझ्या हातांनी केलं ते तिसऱ्या रांगेतल्या माझ्या नातीनं पोटात घालावं, असं मी म्हणणार नाही. आता खाली उतरून तिच्या शेजारी बसतो. हातांवर.