डावीकडची यादी

— नाही, नाही, सुमनबाई, त्या खुर्चीवर नको, तिचा पाय डुगडुगतो, इकडं बसा. लातूरहून एसटीनं आलात, आधी पाणी घ्या. तुमचा सवाल ऐकला मी, दोनदा ऐकला. वसतिगृहातल्या महामायाचं नाव पडद्यावर दिसलं का? नाही दिसलं. तुमचं दिसलं — ते कबूल. त्याच दिवशी संध्याकाळी क्लासवाल्यांनी तुम्हाला मेसमधून काढलं, नऊ वर्षं त्या पोरींना पोळ्या लाटून घातल्या अन् दहा मिनिटांत सामान बाहेर, ते माझ्यामुळं झालं — माझ्यामुळं म्हणजे, थांबा, तेच तर सांगून राहिलो. माझ्यामुळं कमी अन् ह्या ब्राउझरमुळं जास्त.

ब्राउझर म्हणजे — इंटरनेट ज्याच्यात उघडतं ते. आता एका वेळी माझी तीस-पस्तीस पानं उघडी असतात, पत्रकाराची असणारच. प्रत्येक पानाचं नाव वरच्या पट्टीत यायचं. पस्तीस नावं एका ओळीत — काय वाचता येणार? नुसते ठिपके. मी त्या ठिपक्यांच्या भरवशावर पंधरा वर्षं काम केलं, बाई. कुणी मागं येऊन उभं राहिलं तरी कळायचं नाही माझ्याकडं काय उघडं आहे. अन् मंगळवारी सकाळी बघतो तर पट्टी वरून गायब. डाव्या बाजूला, एकाखाली एक, अख्खी नावं. ठळक. मला विचारलं कुणी? कुणालाच विचारलं नाही. तुम्हाला वाटंल भागवत सर एकटाच चिडला — लोकांनी काय काय लिहिलंय ते वाचा. एक जण लिहितो, स्वयंपाकघरातली मिठाची बरणी रोज कुणीतरी उचलून दुसरीकडं ठेवतंय अन् वर म्हणतंय हे तुमच्या सोयीसाठी. एक म्हातारे आहेत, त्यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही, ते म्हणतात माझी पानं कुठं गेली. हजारो लोक आहेत. अन् खाली कंपनीचं उत्तर काय? अभिप्रायाबद्दल आभार. त्याच्याखाली कुणीतरी दीडशहाणा — सवय होईल. सवय होईल! मी पण लिहिलं, चारशे शब्द लिहिले, दोन दिवस त्याच्यातच गेले —

हाव, मंगळवार अन् बुधवार. क्लासवाल्यांची पत्रकार परिषद गुरुवारी.

ती सृष्टी तिकडं बसलीय ना, आमची उपसंपादक, ती म्हणाली होती — सर, एक बटण आहे, पट्टी परत वर जाती, दोन मिनिटं लागतील, करून देऊ का. मी म्हणालो, मी का बदलू? ज्यांनी हलवली त्यांनी जागेवर ठेवावी. तत्त्वाचा प्रश्न आहे. तू हात लावू नको. — ऐकून राहिली ती, तिला विचारा, खोटं नाही सांगत.

आता गुरुवारचं सांगतो. क्लासचे मालक त्या हॉटेलच्या हॉलमध्ये उभे, पेढ्यासारखं गोड बोलायला लागले — आमच्या वसतिगृहात एकही मुलगी आजारी पडली नाही, टाकीचं पाणी स्वच्छ आहे, पुरावा असेल तर दाखवा. मला म्हणाले, भागवतराव, तुमचं वय झालं, आता घरी नातवंडांना गोष्टी सांगा. हॉल हसला. मग मी उठलो. त्यांच्याच पडद्याला माझा लॅपटॉप जोडला अन् आजारी मुलींच्या रजिस्टरचं पान लावलं — एक्केचाळीस नावं, तारखेनिशी. हसणं बंद. मला वाटलं, जिंकलो. मालक पडद्याकडं बघत होते, मला वाटलं रजिस्टर वाचून राहिलेत. ते डावीकडं वाचत होते.

काय लिहिलं होतं? — ‘सुमनबाई मेस, पाण्याची बातमी.’

मीच लिहिलं होतं. माझ्या टिपणाला दुसरं काय नाव देणार, मला सापडायला पाहिजे ना. हो, शब्द दिला होता. कुठंच लिहिणार नाही म्हणालो होतो, तुमच्या चुलीपाशी बसून म्हणालो होतो, आठवतं मला. पण कागदावर नाहीच लिहिलं — तुम्ही असं बघू नका. तीस वर्षांत माझ्याकडून एक नाव फुटलं नाही. एकदा आमदाराच्या माणसांनी स्टँडवर धरलं होतं, तरी नाही फुटलं.

अन् महामायाचं म्हणाल तर पोरगी सुरक्षित आहे. रजिस्टरचे फोटो तिनं काढले हे तुम्हाला, मला अन् तिलाच माहीत. मालकांनी तिला क्लासमध्ये ठेवलंय ना? परीक्षेपर्यंत राहा म्हणाले ना? — तुम्हाला त्याचीच भीती वाटती? उगं. मालकांनाही कधी लाज वाटत असंल. बरं, माझ्यावर भरवसा नसंल तर डोळ्यानं बघा. त्या दिवसापासून खिडकी तशीच आहे, मी काहीच बंद केलं नाही. जे इथं दिसतं तेच पडद्यावर होतं, एक अक्षर जास्त नाही. या अशा माझ्या बाजूला. हे बघा. पहिलं, महापालिकेची सभा. दुसरं, आडतीवरचे सोयाबीनचे भाव. तिसरं तुमचं. अन् त्याच्याखाली —

ही तिची मेल आहे.

तिनंच वर विषय लिहिलाय. ‘सर, रजिस्टरचे फोटो — महामाया, बारावी, खोली सात.’

क्लास किती वाजता सुटतो तिचा? — फोन लागणार नाही, फोन तिथं आत जाताना जमा करून घेतात, तुम्हीच सांगितलं होतं.

सृष्टी, ऑफिसची गाडी काढायला सांग. लातूर. आत्ता. वाटेत लोह्यात चहाला थांबायचं नाही म्हणावं. मी पण येतो, मी त्या मालकांशी —

बरं. नाही येत.

तुम्ही निघा, बाई. सृष्टी, तू जा त्यांच्याबरोबर. अन् जाता जाता एवढं दाखव — हे पान बंद करायची फुली आता कुठं असती?