पानापानावर ‘गुड’

भिवा : न्हाई, थांब. सगुणाचं लग्न झालं ते साल अठ्ठ्याण्णव. मे महिन्याची एकवीस तारीख. बराबर?

वसंता : बराबर, दादा. पण त्याचं आता काय?

भिवा : त्या दिवशी तू इथं आष्टीत, मांडवात व्हतास. पाव्हण्यायला बुंदी वाढत व्हतास. मंग तुझ्या दवाखान्याच्या वहीत त्याच तारखेला काय लिवलंय?

वसंता : तुम्हाला इंग्रजी कधीपासून यायला लागलं?

भिवा : मराठी अक्षरं पन्नाशीत शिकलो. आकडे त्याच्या लई आधीचे. गवंड्याच्या टेपवर इंग्रजीच आकडे असतेत. वाच.

वसंता : “सिझेरियन. सरांच्या देखरेखीखाली केलं.”

गिरिजाबाई : आवं, पोरगं दोन महिन्यानं घरी आलंय. दोन घास खाऊ तर द्या.

भिवा : तूच म्हणून राह्यलीस ना, लेकीचं पहिलं बाळंतपण भावाच्याच हातानं करायचं? मंग मला तो हात तपासू दे.

गिरिजाबाई : सारं गाव त्याला डाक्टर म्हणतंय, आन् बाप फौजदार होऊन बसलाय!

वसंता : आई, राहू दे. दादा, तीन वर्षांत इतकी ऑपरेशनं पाहायची, इतकी सरांच्या हाताखाली करायची, मग एकट्यानं. तो आकडा पुरा लागतो. परीक्षेच्या तोंडावर आम्ही एकदाच बसून वही भरतो. तारीख चुकली असंल.

भिवा : तारीख चुकली. आन् हा शब्द? पान उलटलं की हाच.

वसंता : ‘गुड’. म्हणजे चांगलं.

भिवा : सगळ्या पानांवर?

वसंता : सगळ्या.

भिवा : आन् शाई बी एकच. सरानं वही वाचली तरी का?

वसंता : चहा पीत पीत सह्या केल्या. साठ पानं, दहा मिनिटं.

भिवा : मस्तगडचा माझा उस्ताद भिंतीला ओळंबा लावायचा. बोटभर कलली तर लाथ घालून पाडायचा. मंग सांगायचा, भिवा, तू डाव्या अंगाला गारा जास्ती भरतो. तुला कुणी सांगितलं का, तुझं काय चुकतं ते?

वसंता : सर म्हणायचे, छान चाललंय.

भिवा : मी ते पुसलं न्हाई.

वसंता : एकीनं सांगितलं. द्वारकाबाई म्हणून वॉर्डातल्या सिस्टर आहेत.

गिरिजाबाई : आता नर्सबाई डाक्टरला शिकवती?

वसंता : त्यांनीच शिकवलं, आई. म्हणल्या, “डॉक्टर, टाके तुमचे सरळ पडतात. पण टाके झाले की तुम्ही हात धुऊन निघता. बाईच्या पोटावर हात ठेवून बसा. गर्भाची पिशवी घट्ट झाली की ढिली राह्यली, ते हाताला कळतं. ढिली राह्यली तर रक्त थांबत न्हाई.” मग महिनाभर माझा हात धरून दाखवलं.

भिवा : हे वहीत कुठंय?

वसंता : सिस्टरला वहीत लिहायचा अधिकार न्हाई.

भिवा : आन् हे तिनं कधी सांगितलं? सुरुवातीलाच?

वसंता : जेवण झाल्यावर बोलू, दादा.

भिवा : वसंता, तोंड वर कर.

वसंता : एक बाई गेल्यावर.

(गिरिजाबाई वाढायला घेतलेलं ताट खाली ठेवते.)

भिवा : त्या दिवसाच्या पानावर सरानं काय लिवलंय?

वसंता : गुड.

भिवा : तोंडानं तरी काही बोलला का?

वसंता : म्हणले, होतं असं कधी कधी. पुढची केस घे.

भिवा : सगुणाला ने. पण आधी त्या द्वारकाबाईला जाऊन भेट. हात तुझा, नजर तिची. ती न्हाई म्हणली, तर लेकीला मी दुसरीकडं नेईन. बापावर रुसायचं असंल तर रूस.

वसंता : उद्याच विचारतो.

भिवा : ती काय म्हणली ते जसंच्या तसं सांग. चांगलं करून सांगू नको.

गिरिजाबाई : वसंता, ती बाई कुठली व्हती रे?

वसंता : टेंभुर्णीची. नंदाबाई. बावीस वर्षांची. लेकरू वाचलं. ती चौदा मार्च अठ्ठ्याण्णवला, शनिवारी, सकाळी सव्वाआठला वारली.