जिजीचा गुरुवार

नाही अण्णा, काल भांडलो तेच आज पुन्हा सांगतो. ज्याच्या इंजिनानं विहिरीचा तळ काढला, त्याचाच हार सगळ्यांत मोठा! जिजीचा फोटो कधी कुणी काढला नाही, म्हणून पाटावर तिचं लुगडं घडी करून ठेवलंय. त्या लुगड्यावर तुमचा हार. मला बघवत नाही.

मंडळी, आयाबायांनो, जिजीच्या दुखवट्याला तुम्ही मालेपासून, पौडापासून चालत आलात, तुमच्या पाया पडतो. मला बोलायला जमत नाही. चौथीतून शाळा सोडली. तिकडं चांद्याला कोळशाच्या खाणीत पंपावर असतो. जिजी माझी चुलती. तिला मूलबाळ नाही. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, तिचा वारस आता मीच. तार हातात पडली तोवर तिची राख झाली होती.

विहिरीला वाटेकरी तीन. पाळी वारावर. मंगळवार-बुधवार अण्णांचा, गुरुवार जिजीचा, उरलेले वार खालच्या आळीचे. मोटेच्या काळात पाणी मोजायची गरजच नव्हती. बैल दमायचे, सोडावे लागायचे, तेवढ्यात विहीर भरायची. खरं माप बैलाच्या दमाचं होतं. ते कुणी कागदावर लिहिलंच नाही.

दोन वर्षांमागं अण्णांनी इंजिन आणायचं काढलं. वाटेकऱ्यांचे अंगठे पाहिजेत. मी रजेवर आलो होतो. पंच म्हणाले, "तू पंपावरचा गडी, बोल की रं."

मी छाती फुगवून सांगितलं, "सहा बैलांचं काम दुपारपातुर उरकतंय."

जिजी म्हणाली, "आन् इहिरीनं दम कवा खायाचा?"

सगळे हसले. मीपण हसलो. म्हणालो, "जिजी, तुला न्हाई कळायचं. दे अंगठा."

दिला तिनं.

मग काय झालं? बुधवारी दिवस मावळायच्या आत तळ उघडा. गुरुवारी जिजी पायऱ्या उतरून कपारीतलं पाणी वाटीनं हंड्यात भरायची. अण्णांना विचारायला गेली, तर अण्णा म्हणाले, "आमी आमच्याच वारी उपसतोय. तुज्या गुरवाराला हात लावला का?"

पंच म्हणाले, "बरूबर हाय की. वार त्येचा, पानी त्येचं."

काय हो पंच, तुम्हीच ना? इथंच बसलाय ना?

अशाच एका गुरुवारी पायऱ्या उतरताना तिचा पाय घसरला. खाली पाणी असतं तर जिजी भिजली असती, आम्हाला शिव्या देत वर आली असती. खाली खडक होता.

आणि काल अण्णा म्हणतात, "तू ऱ्हातो लांब. गुरवार आमाला लिवून दे, आमी संबाळतो."

किळस आली, मंडळी. अण्णांची आली, पंचांची आली. आणि तिचा अंगठा धरून शाईत बुडवला मी, माझी तर सगळ्यांत जास्त आली.

गुरुवार मी देणार नाही. ज्याच्या घरात हंडा कोरडा, गुरुवार त्याचा. आणि बुधवारी विहिरीत पुरुषभर पाणी उरलं की इंजिन बंद. खालच्या आळीनं मान्य केलंय. अण्णा, तुम्ही हो म्हणा. तिच्यासमोर म्हणा.

हो म्हणत नाही? बरं. सगळ्यांनी बघितलं.

आता उठा. बोलू नका कुणी. वाटीवाटीनं एक हंडा भरायला जिजीला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ गप उभं राहायचं. पाय दुखले तरी.

उद्या मी खाणीवर जातो. पगार झाला की विहिरीच्या पायऱ्या बांधायला, दोराला आणि पोहऱ्याला शाळेच्या गुरुजींच्या नावानं मनिऑर्डर पाठवतो. पंचेचाळीस रुपये.